‘सिंपल’ लिहिण्याआधी : सरकारी रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांतील सर्व वैद्यकीय अधिकारी

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मारहाणीचा खटला उभा राहणार की नाही, राहिला तर आरोपीला किती शिक्षा होऊ शकते, हे पुष्कळदा न्यायालयात प्रकरण येण्याच्या कितीतरी आधी तुमच्या अपघात विभागातल्या टेबलावर ठरून गेलेले असते. पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठीचे पत्र, हातात धरून जखमी माणूस येतो. तुम्ही टाके घालता, धनुर्वाताचे इंजेक्शन देता, एमएलसी (पोलीस प्रकरणातल्या रुग्णांच्या) रजिस्टरमध्ये नोंद करता आणि प्रमाणपत्राच्या शेवटच्या रकान्यात एक शब्द लिहिता : सिंपल (साधी दुखापत) किंवा ग्रिव्हस (जबर दुखापत). बाहेर पुढचा पेशंट कण्हत असतो, म्हणून तो शब्द घाईत लिहिला जातो. मी तालुका न्यायालयात फौजदारी वकिली करते, कधी मार खाल्लेल्याच्या बाजूने, कधी आरोपीच्या. दोन्ही बाजूंनी तो शब्द वाचत आल्यामुळे त्याचे वजन मला ठाऊक आहे, आणि ते तुमच्यापर्यंत कोणी नीट पोचवत नाही अशी माझी खात्री आहे. एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी न्यायवैद्यक शिकवतात खरे, पण तुमच्या त्या एका ओळीचे पुढे काय होते हे नंतर सांगायला कोणी येत नाही.

१ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. मारहाणीबाबतच्या कायद्याचा सांगाडा मात्र बहुतांशी तोच राहिला. सगळ्यात खालची पायरी ‘हल्ला’, कलम १३०. त्यासाठी अंगाला स्पर्शही व्हावा लागत नाही. मूठ उगारली, काठी उचलून ‘थांब, तुला दाखवतो’ म्हटले आणि समोरच्याला आता मार बसणार अशी धास्ती वाटली, की हल्ला झाला. नुसत्या शब्दांनी हल्ला होत नाही, पण हातवाऱ्यांना काय अर्थ द्यायचा हे शब्दांवरून ठरू शकते. याला शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या पायरीवर तुमचे काम पडत नाही. तुमचे काम सुरू होते ते ‘दुखापत’ या शब्दापासून.

कलम ११४ प्रमाणे शारीरिक वेदना, आजार किंवा दुर्बलता यांपैकी काहीही उत्पन्न करणे म्हणजे दुखापत. रक्त यायला हवे, वळ उठायला हवा, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तरीही प्रमाणपत्रावर ‘बाह्य जखम नाही’ एवढेच लिहून पान संपते आणि आरोपीचा वकील (कधी कधी ती मीच असते) उभा राहून म्हणतो, डॉक्टरांना काही सापडलेच नाही. सापडले नव्हते असे नसते. दाबल्यावर दुखत होते, मान वळत नव्हती, खांदा वर जात नव्हता. तुम्ही ते तपासले होते, लिहिले मात्र नाही. खोलवर बसलेल्या मुक्या माराचा काळानिळा डाग कधी एक-दोन दिवसांनी वर येतो, कधी मारल्या जागेपासून खाली सरकून उमटतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. मग ‘दोन दिवसांनी पुन्हा तपासणीस यावे’ एवढी ओळ केसपेपरवर का नसावी?

आता त्या एका शब्दाचा हिशेब सांगते. साधी दुखापत, कलम ११५(२) : एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र. म्हणजे ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतो, तिची प्रत हातात देतो आणि ‘कोर्टात जा’ म्हणतो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासाला हात लावू शकत नाहीत. फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची तरतूद आली आहे, ती चांगली आहे. पण हातावर पोट असलेला माणूस वकील गाठून खासगी फिर्याद दाखल करील, ही अपेक्षाच भाबडी आहे. बहुतेक एनसी तिथेच मरतात. हेच प्रमाणपत्र ‘ग्रिव्हस’ असले, तर कलम ११७(२) लागते : सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, गुन्हा दखलपात्र, पोलिसांना तपास करणे भाग. जबर दुखापत घातक हत्याराने केली असेल तर कलम ११८(२) : किमान एक वर्ष, कमाल दहा वर्षे किंवा जन्मठेप. एका वर्षाच्या कमाल शिक्षेपासून जन्मठेपेपर्यंतचे अंतर तुमच्या दोन-तीन रकान्यांत मावलेले असते.

खरे तर पोलिसांनी गुन्हा नोंदवण्यासाठी तुमच्या प्रमाणपत्राची वाट पाहत बसू नये. फिर्यादीतूनच दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही ‘सर्टिफिकेट आले की बघू’ हे वाक्य प्रत्येक वकिलाने ऐकलेले आहे. ती तक्रार पोलिसांकडे करायची, तुमच्याकडे नव्हे. पण प्रत्यक्षात तसे चालते, म्हणून तुमची जबाबदारी वाढते.

जबर दुखापत म्हणजे काय, हे ठरवण्याची मुभा कायद्याने कोणाच्याच मनावर सोडलेली नाही. कलम ११६ मध्ये आठ प्रकार आहेत आणि त्यांच्या बाहेरची दुखापत कितीही भयंकर दिसली तरी जबर ठरत नाही. पुरुषत्व नष्ट होणे. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे. एका कानाचे ऐकणे कायमचे जाणे. अवयव किंवा सांधा गमावणे. अवयवाची वा सांध्याची शक्ती नष्ट होणे किंवा कायमची क्षीण होणे. डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे. हाड किंवा दात मोडणे वा निखळणे. हे सात प्रकार तुम्हाला पाठ असतात. त्यातही नाकाच्या हाडाकडे दुर्लक्ष होते. नाकातून रक्त आले, सूज आहे, एक्स-रे काढलेला नाही आणि शेरा ‘सिंपल’, अशी प्रमाणपत्रे मी पाहिली आहेत. हाड आरपार तुटायलाच हवे असेही नाही. हाडाला चीर गेली, भेग पडली, कपचा उडाला तरी ते अस्थिभंगच, असे सर्वोच्च न्यायालयाने होरीलाल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात कधीच सांगून ठेवले आहे. दाताच्या बाबतीत हिरडीतून ताजे रक्त येत होते का, शेजारचे दात आधीच हलत होते का, हे लिहा. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

आठवा प्रकार मात्र बहुतेक प्रमाणपत्रांत जणू अस्तित्वातच नसतो, आणि हे पत्र लिहायला मला त्यानेच भाग पाडले. ज्या दुखापतीने जिवाला धोका उत्पन्न होतो, किंवा जिच्यामुळे जखमी माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा आपले नेहमीचे व्यवहार करू शकत नाही, ती जबर दुखापत. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. नव्या संहितेने ती पंधरावर आणली. मारहाणीच्या कायद्यात सामान्य माणसाच्या उपयोगाचा इतका मोठा बदल दुसरा क्वचितच झाला असेल. पण पहिल्याच रात्री, टाके घालता घालता ‘सिंपल’ लिहून टाकल्यावर या बदलाचा उपयोग कोणाला होणार? पंधरा दिवसांत काय होईल, हे पहिल्या दिवशी कोणालाच कळू शकत नाही.

कायदा ‘नेहमीचे व्यवहार’ म्हणतो. ते ज्याचे त्याचे असतात. कारकुनाला पाठीत बसलेली लाथ आणि हमालाला पाठीत बसलेली लाथ एक्स-रेवर सारखीच दिसेल. कारकून आठवड्याने खुर्चीत बसेल, हमाल महिनाभर पोते उचलू शकणार नाही. बांधाच्या भांडणात खांद्यावर काठी बसलेली बाई खुरपणीला जाऊ शकत नाही, गुराला वैरण टाकू शकत नाही, धार काढू शकत नाही. हाड शाबूत, म्हणून कागदावर ती साध्या दुखापतीची धनी. कायद्याने ती जबर दुखापत ठरू शकत होती, फक्त कोणी तिला सोळाव्या दिवशी तपासून लिहिले नाही. नुसते पंधरा दिवस दवाखान्यात राहणे पुरेसे नसते, तेवढ्या काळात तीव्र वेदना होती किंवा काम होत नव्हते हे सिद्ध करावे लागते. म्हणून तुमची सोळाव्या दिवसाची नोंद सोन्याच्या मोलाची आहे. जखमीचा व्यवसाय काय, तो कोणते काम हाताने, कोणते वाकून, कोणते उचलून करतो, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहा. सोळाव्या दिवसाची तारीख टाकून परत बोलवा. आला तर हाताची पकड, खांद्याची हालचाल, चालणे तपासा आणि आज हा माणूस ते काम करू शकतो की नाही हे स्पष्ट लिहा. आला नाही तर ‘बोलावले, आला नाही’ हेही लिहा.

या दुसऱ्या तपासणीचा आणखी एक फायदा आहे. मनगटातले स्कॅफॉइड हे हाड मोडले तर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी काढलेल्या फिल्मवर दिसते. थपडेने फाटलेल्या कानाच्या पडद्याचेही तसेच. पडदा अनेकदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, आणि कायदा ऐकणे ‘कायमचे’ जाण्याबद्दल बोलतो. त्यामुळे पहिल्या दिवशी ‘ग्रिव्हस’ लिहिणे जितके चूक, तितकेच पुढे श्रवणचाचणी न करता ‘सिंपल’ लिहून मोकळे होणेही चूक.

गळा दाबल्याच्या तक्रारींबद्दल वेगळे लिहिणे मला भाग आहे. नवऱ्याने गळा आवळला असे सांगणारी बाई येते. मानेवर एखादा ओरखडा, कधी तोही नाही. ‘जखम किरकोळ’ लिहून तिला घरी पाठवले जाते, त्याच घरी. आवाज घोगरा झाला आहे का, गिळताना दुखते का, डोळ्यांच्या आत, पापण्यांच्या खाली लाल ठिपके आहेत का, शुद्ध हरपली होती का, कपड्यात लघवी झाली होती का, हे विचारून लिहिलेत तर ‘जिवाला धोका’ हा आठव्या प्रकाराचा पहिला भाग लागू शकतो, आणि प्रसंगी खुनाचा प्रयत्न या कलमाकडेही तपास वळतो. बाहेरून खूण नसतानाही गळा दाबणे प्राणघातक ठरू शकते, हे तुम्हाला मी सांगायचे नाही. आणि तिच्या तोंडून आलेला इतिहास तिच्याच शब्दांत लिहा. सोबत आलेली सासू ‘पाय घसरून पडली’ सांगत असेल तर तेही लिहा, पण कोणी सांगितले ते नाव-नात्यासह. शक्य असेल तर दोन मिनिटे तिला एकटीला विचारा. नोंदीत ‘पडल्याचा इतिहास’ एवढेच आले, की सहा महिन्यांनी फिर्याद देणाऱ्या बाईला साक्षीच्या पिंजऱ्यात खोटी ठरवायला तेवढे पुरते.

हत्याराच्या रकान्यात तर अनेक खटले बुडतात. फिर्यादीत काठी, प्रमाणपत्रात ‘धारदार हत्यार’, आणि आरोपी निर्दोष. डोक्याच्या कातडीखाली लगेच हाड असल्यामुळे काठीच्या फटक्यानेही तिथे कापल्यासारखी सरळ जखम होते. भिंगातून पाहिले तर कडा चेचलेल्या, केसांची मुळे चिरडलेली, आत ऊतींचे धागे आडवे राहिलेले दिसतात. हे पुस्तकात तुम्ही वाचलेले आहे. रात्री दोन वाजता ते आठवणे कठीण, मान्य. पण लांबी-रुंदी-खोली सेंटिमीटरमध्ये, कडा कशा होत्या, दिशा कोणती, एवढे वर्णन असले तर शेवटचा निष्कर्ष चुकला तरी सावरता येतो. काठीचे समांतर दोन वळ दिसले तर तसेच लिहा, चित्र काढा. एखादी वस्तू ‘घातक हत्यार’ आहे की नाही हे शेवटी न्यायालय ठरवते. २००४ मध्ये शकील अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माणसाचे दात हे घातक हत्यार नव्हे असे ठरवले. २००५ मध्ये मथाई विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात दगडाचा आकार पाहून घातक हत्याराचे जड कलम काढून साध्या जबर दुखापतीचे हलके कलम लावले. असे निकाल वर्णनावर उभे राहतात, शेऱ्यावर नव्हे.

आता आरोपीच्या बाजूने बोलते, कारण तोही माणूस आहे आणि त्याच्यावर खोटे कलम लागणे हाही अन्यायच. कलम ११७(३) नवीन आहे. जबर दुखापत करताना कायमचे अपंगत्व किंवा कायमची अचेतन अवस्था आली, तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि कमाल जन्मठेप, तीही उरलेल्या नैसर्गिक आयुष्यभर. दहा वर्षांच्या खाली येण्याचा न्यायाधीशांना अधिकारच नाही. तेव्हा ‘कायमचे’ हा शब्द घाईने लिहू नका. उपचार पूर्ण होऊ द्या, फिजिओथेरपी होऊ द्या, अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्या. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू फिर्यादी होऊन दवाखान्यात येतात, आणि दोन्हीकडून फोन येतात, ‘डॉक्टर, जरा बघून घ्या’, हे मला ठाऊक आहे. कोणाला ग्रिव्हस हवे असते, कोणाला सिंपल. खोटे प्रमाणपत्र देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, ही भीती मी तुम्हाला घालणार नाही. एवढेच म्हणते, की तपशीलवार वर्णन लिहिलेल्या डॉक्टरला फोन करणाऱ्याला सांगता येते : मी जे दिसले ते लिहिले आहे, आता बदलता येणार नाही.

तुमच्यावरचा भार मला दिसतो. बंधपत्रापोटी सरकारी सेवा करणारा एकटा डॉक्टर, बाळंतपण अर्ध्यावर, रात्री एक्स-रे तंत्रज्ञ नाही, आणि जखमीबरोबर आलेला वीस जणांचा जमाव. तुमच्यावरच हात टाकला तर त्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्या गुन्ह्यातही कोणीतरी तुमचे प्रमाणपत्र लिहिणार असते, आणि ते नीट लिहिलेले असावे असे तुम्हालाही वाटेल. म्हणून सार्वजनिक आरोग्य विभागालाही याच पत्रातून विनंती आहे, की दुखापतीच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात जखमीचा व्यवसाय, पुनर्तपासणीची तारीख आणि पुनर्तपासणीचा अभिप्राय असे तीन रकाने छापून द्यावेत. रकाना असला की विसर पडत नाही.

‘एक्स-रेनंतर अभिप्राय’ असे लिहून सोडलेली प्रमाणपत्रे ही माझी सगळ्यात जुनी व्यथा. एक्स-रे होतो, फिल्म पेशंटच्या घरी पत्र्याच्या पेटीत जाते, अभिप्राय येतच नाही, पोलीस स्मरणपत्र पाठवत नाहीत, आणि दोषारोपपत्रात अर्धवट कागद लागतो. अभिप्राय राखून ठेवला असेल तर तो कोणत्या तारखेला द्यायचा ते तिथेच लिहा आणि रजिस्टरवर खूण करून ठेवा. अक्षराबद्दल बोलणे तुम्हाला कंटाळवाणे वाटेल, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३६ ने परिस्थिती बदलली आहे. तुमची बदली झाली, तुम्ही निवृत्त झालात, तर तुमच्या जागी आलेला अधिकारी तुमच्या कागदावर साक्ष देईल, दृक्-श्राव्य माध्यमातूनही देऊ शकेल. ज्याने तो पेशंट कधी पाहिला नाही, त्याला तुमचे अक्षर लागले नाही तर तो न्यायालयात काय सांगणार?

आणि जखमीने मागितले तर उपचाराचे कागद त्याला द्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ते देणे तुमचे कर्तव्यच आहे. एनसी हातात घेऊन दंडाधिकाऱ्यांपुढे येणाऱ्या गरीब माणसाकडे त्याखेरीज दुसरा पुरावा नसतो.

तुमच्या तालुक्यातल्या वकील संघाला आणि सहायक सरकारी अभियोक्त्यांना एकदा रुग्णालयात बोलवा. जुन्या निकाली खटल्यांतली प्रमाणपत्रे, नावे झाकून, समोर ठेवू. कुठल्या ओळीने खटला तगला, कुठल्या ओळीने गेला, ते आम्ही दाखवतो, आणि आम्ही उलटतपासणीत कोणते निरर्थक प्रश्न विचारतो ते तुम्ही आम्हाला सांगा. तोपर्यंत, आज रात्री यादी घेऊन जो कोणी येईल त्याच्या केसपेपरवर सोळाव्या दिवसाची तारीख तेवढी लिहा.

आपली विश्वासू,
तालुका न्यायालयातील एक वकील